नवी पिकअप दारात आली. पहिला खर्च कुठे करायचा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पिकअपबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. विचारणारे खानापूरपासून अथणीपर्यंतचे, गाड्या वेगवेगळ्या, पण बहुतेकांचा सूर एकच: इंजिनाची ताकद कशी वाढवू? आमचे उत्तर काहींना आवडणार नाही. नव्या पिकअपवरचा पहिला पैसा बॉनेटखाली घालू नका, चाकांपाशी घाला. का, ते खालच्या उत्तरांत येईलच.

प्रश्न : चार दारांची फोर बाय फोर इसुझू व्ही-क्रॉस घेतलोय, १.९ लिटर डिझेल, मॅन्युअल गियर. शेत जांबोटीच्या बाजूला, घर बेळगावात. महिन्यातून एकदोनदा चोर्ला घाटाने गोव्याला जाणे होते. हाताशी दीड लाख आहेत. आधी रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलणे) करू, मोठा सायलेन्सर लावू की कॉटनचा एअर फिल्टर?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तिन्ही नकोत, निदान पहिल्या वर्षात तरी नकोत. तुमच्या इंजिनात १६३ पीएस ताकद आणि ३६० एनएम टॉर्क आहे, आणि हा टॉर्क २००० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात पूर्ण मिळतो. जांबोटी-कणकुंबीच्या वळणांवर तो वापरून संपत नाही. तिथे गाडी कमी पडते ती रस्ता धरण्यात आणि थांबण्यात.

पहिले काम फुकटचे आहे : हवा. कारखान्यातून शोरूमपर्यंतच्या प्रवासात आणि यार्डात उभे राहून टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते, आणि पुष्कळदा ती तशीच ग्राहकाच्या गळ्यात पडते. दाराच्या चौकटीवर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, मागच्या चाकांसाठी तर बरेच वेगळे. सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या गेजने मोजा. रिकाम्या हौद्याला भरल्या गाडीची हवा ठेवली की मागचा भाग खड्ड्याखड्ड्यावर उडतो, ओल्या वळणावर मागची चाके सरकतात, आणि मालक मागचे शॉकअप बदलायला निघतो. आधी हवा, मग शॉकअपचा विचार.

दुसरा खर्च टायर. तुमच्या गाडीचा मूळ आकार २५५/६० आर १८, नक्षी डांबरी रस्त्याची. शेताची वाट आणि घाट दोन्ही असतील तर त्याच आकाराचे किंवा फार तर २६५/६० आर १८ आकाराचे ऑल टेरेन टायर घ्या. मूळ टायरची उंची साधारण ७६३ मिमी, २६५/६० ची ७७५ मिमी. फरक दीड टक्क्याच्या आसपास, तो गाडी पचवते. दुकानदार २६५/६५ दाखवील, कारण तो दिसायला भरदार. त्याची उंची ८०२ मिमी होते, म्हणजे ५ टक्के जास्त. मीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी १०५ च्या आसपास पळते, आणि प्रत्येक गियर तितकाच लांब होतो. रिमॅपने मिळवायचे आणि टायरने खायचे, असा तो व्यवहार. शिवाय वळताना मडगार्डला घासण्याचा प्रश्न वेगळाच.

टायर घेताना नक्षीआधी बाजूवरचा लोड इंडेक्स वाचा. १०८ म्हणजे एका चाकावर १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्याखाली उतरू नका. मड टेरेन टायर तुमच्या कामाचे नाहीत. ओल्या डांबरावर त्यांचे थांबण्याचे अंतर वाढते, आणि तुमचा बहुतेक प्रवास डांबरावरच आहे. खानापूरच्या लाल मातीत ऑल टेरेन चांगले चालतात, कारण ती माती नक्षीतून सुटते. गोकाक-अथणीकडची काळी माती मात्र नक्षीत भरून बसते. पाऊस पडून गेल्यावर तिथे कुठलाच टायर फार वेळ टायर राहत नाही. अशा ठिकाणी हवा २० ते २२ पीएसआयपर्यंत उतरवून सावकाश जाणे आणि पक्क्या रस्त्यावर येताच परत भरणे हाच उपाय. त्यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावायचा एक चांगला कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप एवढ्या मोठ्या टायरला पुरत नाही, फ्यूज उडवतो.

टायर आणि कॉम्प्रेसर मिळून दीड लाखातले निम्मे तरी जातील. उरलेले राखून ठेवा. ५००० किलोमीटर झाल्यावरही मागचा भाग सैल वाटला तर चांगले शॉकअप घाला. गाडी उंच करायचीच असेल तर ४० मिमीच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण-अक्षाचा कोन) जागेवर येत नाही. मग स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भटकते.

आता रिमॅप. टर्बो डिझेलमध्ये १५ ते २० टक्के टॉर्क वाढणे अवघड नाही, म्हणजे तुमचे ३६० चे ४२० च्या घरात. पण क्लच ३६० साठी बनवलेला आहे. चौथ्या गियरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबला की तो घसरू लागतो, आणि घाटात तीच सवय सगळ्यांना असते. एक्झॉस्टचे तापमान वाढते, काजळी वाढते, डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो. वॉरंटी जाते ती जातेच. ‘सर्व्हिसच्या आधी जुनी फाइल टाकून देऊ’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) किती वेळा फाइल बदलली त्याची नोंद राहते. सेन्सरच्या वायरीत बसवायचा स्वस्त डबा तर त्याहून वाईट, कारण तो रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) कमी असल्याची खोटी खबर देऊन डिझेल वाढवतो, हवेचा हिशोब करत नाही. वॉरंटी संपल्यावर रिमॅप करायचाच असेल तर आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागा, मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि टॉर्क हळूहळू चढत जाईल अशी फाइल करून घ्या.

सायलेन्सर बदलून टर्बो डिझेलला आवाजापलीकडे फारसे काही मिळत नाही, कारण अडथळा त्याच्या आधी, टर्बो आणि डीपीएफमध्ये आहे. कॉटन फिल्टरला तेल लावावे लागते. ते जास्त झाले की हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते, आणि बारीक धूळ तो कागदी फिल्टरपेक्षा जास्त सोडतो. ऊसतोडीच्या दिवसांत शेतवाटेवर जी पिठासारखी धूळ उडते तीच टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा खाते. कंपनीचा कागदी फिल्टर सांगितलेल्या निम्म्या अंतराला बदला. तो सर्वांत स्वस्त परफॉर्मन्स पार्ट आहे.

प्रश्न : भाजीचा धंदा आहे. नवी पिकअप आठवड्यातून तीनदा चोर्ला घाटाने गोव्यात साखळीला जाते. उतरताना ब्रेक पेडल मऊ होते, जळका वासही येतो. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवून देतो असे एक गॅरेजवाले म्हणतात. बसवू का?
— भाजी व्यापारी, बेळगाव

उत्तर : नको. मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि एबीएस हे सगळे मूळ ब्रेकच्या मापाने जुळवलेले असतात. मागे मोठा डिस्क आला की पुढचे-मागचे प्रमाण बिघडते आणि ओल्या घाटात मागची चाके आधी अडकतात. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला हातात आयते कारण मिळते.

आधी आजार कोणता ते ओळखा. दोन वेगळे आजार आहेत. पेडल मऊ होऊन खोल जाते, पंप केले की थोडे वर येते : ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. पेडल घट्ट आहे, पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही : लायनर तापून चिकटेनासे झाले आहेत. तुमच्या वर्णनावरून पहिला आजार नक्की, वासामुळे दुसराही असावा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात ती भरपूर असते. डॉट ३ ऑइल कोरडे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिले असेल तरी डॉट ४ चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते यात कधीही घालू नका. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सगळे ऑइल बदला. एक लिटर नवे, सीलबंद डबा. अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षी वापरू नये. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी : मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. काही एबीएस गाड्यांना वेगळा क्रम असतो, तो मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

मागचे ड्रम उघडून बघा. अ‍ॅडजस्टर गंजून अडकले असतील तर मागचे ब्रेक कामच करत नसतात आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. हँडब्रेक फार वर ओढावा लागत असेल तर संशय बरोबर आहे. ड्रमच्या आत किंवा कडेला जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो. लेथवर घासून तो ओलांडला की ड्रम टाकून द्यायचा, कितीही जाड दिसला तरी. नवे पॅड-लायनर बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा, मध्ये थंड होऊ द्या. हे न करता थेट घाटात उतरलात तर नवे लायनर चकचकीत होऊन बसतात.

आणि गियर. माथ्यावरच दुसरा किंवा तिसरा पाडा, अर्ध्या उतारावर नव्हे. ब्रेकवर पाय ठेवून घसरत राहू नका. ठाम दाबा, वेग २० ने उतरवा, पाय पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळातच ड्रमला हवा लागते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांसाठी एक सांगतो : आजच्या इंजिनात गियरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागते.

प्रश्न : नव्या दीड टनी पिकअपमध्ये माल भरला की मागचे पाटे सपाट होतात. ऑटो नगरात दोन जादा पाटे टाकून देतात. टाकून घेऊ काय?
— शेतकरी, चिकोडी

उत्तर : आधी काट्यावर जा. साखर कारखान्यांच्या मुलुखात वजनकाटा शोधावा लागत नाही. नेहमीचा माल भरा, टाकी पूर्ण, ड्रायव्हर आत. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्या. मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाके काट्यावर ठेवा, पुढची बाहेर सपाट जमिनीवर. पहिला आकडा आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा, दुसरा गाडीच्या पाटीवरच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या क्षमतेशी.

दोन्ही आकडे हद्दीत असतील तर काळजीचे कारण नाही. पूर्ण भाराला पाटे सपाट होणे हा बिघाड नव्हे, ते तसेच बनवलेले असतात. उलटे वाकत असतील किंवा बंप रबरावर सारखे आदळत असतील तरच प्रश्न आहे. अशा वेळी पाट्यांऐवजी कंपनीच्या भागांच्या यादीतला हेल्पर पाटा किंवा मूळ रबराच्या जागी बसणारे मोठे पोकळ रबर बघा. ते फक्त भाराखाली काम करते, रिकाम्या गाडीला कडक करत नाही.

आकडे हद्दीबाहेर असतील तर पाटा हा त्यावर इलाज नाहीच. पाटा वाढला म्हणून चेसिस, अ‍ॅक्सलची नळी, व्हील बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांची क्षमता वाढत नाही. आधी पाटा मोडायचा, आता चेसिसला तडा जातो, बहुधा पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी. कायद्याचेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. हौद्याच्या बाहेर कडेने किंवा मागे माल काढला तर त्याचा दंड वेगळा, तोही २० हजार.

गॅरेजमध्ये सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे ब्रेकचा व्हॉल्व्ह. अनेक पिकअपमध्ये चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि एक दांडी किंवा स्प्रिंग त्याला मागच्या अ‍ॅक्सलशी जोडते. मागचा भाग किती बसला आहे यावरून तो मागच्या ब्रेकला किती प्रेशर द्यायचे ते ठरवतो. जादा पाटे टाकले की भरलेली गाडीही वर उचललेली राहते. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, तो मागचे ब्रेक कमी करतो. म्हणजे माल जास्त, ब्रेक कमी. गाडीखाली वाकून बघा. अशी दांडी असेल तर पाट्यांना हात लावल्यावर तिचे माप कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा लावलेच पाहिजे.

जाडीचा हिशोबही माहीत असू द्या. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिमीऐवजी १० मिमीचा पाटा टाकला तर तो एकटा जवळपास दुप्पट कडक होतो. म्हणून ‘जरासा जाड टाकतो’ याला भुलू नका. कुठल्याही कारणाने पाटे खोलले तर यू बोल्ट आणि नट नवे घाला, जुने ताणले गेलेले असतात. ५०० किलोमीटरनंतर भरल्या गाडीवर ते पुन्हा आवळा. सैल यू बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

प्रश्न : पाच वर्षे वापरलेली पिकअप घेतली. सपाटीला बरी पळते, तवंदी घाट चढताना दम तोडते. मोठा टर्बो किंवा मोठा इंटरकूलर बसवून फरक पडेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नवा टर्बो जुन्या दुखण्यावर बसवू नका. जी ताकद कंपनीने दिली होती ती कुठे गळते ते आधी शोधा. क्रम हा ठेवा, कारण तो स्वस्ताकडून महागाकडे जातो.

पाच-सहा किलोमीटर सपाट रस्त्यावर ब्रेक शक्यतो न लावता चालवा आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एक चाक इतरांपेक्षा खूप तापले असेल तर तिथला ब्रेक अडकलेला आहे. मग एअर फिल्टर. मग डिझेल फिल्टर : खालचा स्क्रू सोडून पाणी काढा, आणि तो शेवटी कधी बदलला याची नोंद नसेल तर बदलूनच टाका. अर्धवट तुंबलेला डिझेल फिल्टर सपाटीला कळत नाही, चढावर डिझेलची मागणी वाढली की गाडी मरगळते. तुमचे वर्णन यालाच जास्त जुळते.

चढावर काळा धूर आणि बॉनेटखालून शिट्टीसारखा किंवा फुस्स आवाज येत असेल तर टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारे रबरी पाइप तपासा. क्लॅम्पपाशी तेलकट डाग म्हणजे हवा निसटते आहे. पाइप खालच्या बाजूने फाटतो, वरून दिसत नाही. आरसा धरून बघा. टर्बोच्या अ‍ॅक्ट्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही उष्णतेने चिरते, आणि ती काही रुपयांची असते.

क्लचची परीक्षा : मोकळ्या रस्त्यावर वरच्या गियरमध्ये ५० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा. आरपीएम भराभर वाढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम घाला. गियरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा का द्यायची?

एवढे करूनही दम नसेल तर स्कॅनर लावून गाडी घाटात चालवून घ्या, उभ्या गाडीवर नव्हे. रेल प्रेशर मागितलेले किती आणि प्रत्यक्ष किती, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मागितलेला किती आणि मिळालेला किती, या दोन जोड्या पुरतात. रेल प्रेशर मागे पडत असेल तर पंप-इंजेक्टरकडे बघा, बूस्ट मागे पडत असेल तर टर्बोकडे.

प्रश्न : बीएस ६ पिकअप. घर ते मळा सहा किलोमीटर, दिवसातून चारदा. डीपीएफचा दिवा सारखा लागतो. तो काढून आत मोकळा पाइप घालून देणारे आहेत. ताकदही वाढते म्हणतात.
— एक वाचक, अथणी

उत्तर : काढू नका. प्रदूषणाचे साधन काढणे बेकायदेशीर आहे, आणि त्यासाठी ईसीयूची फाइलही बदलावी लागते, म्हणजे वॉरंटी गेलीच. तुमचा डीपीएफ बिघडलेला नाही, त्याला जळायला वेळ मिळत नाही. साठलेली काजळी जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते, सहा किलोमीटरात ते होत नाही. आठवड्यातून एकदा गाडी मोठ्या रस्त्यावर न्या आणि एक गियर खालचा ठेवून, २००० आरपीएमच्या वर, ६० च्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे न थांबता चालवा. दिवा चालू असताना गाडी मध्येच बंद करू नका.

दर आठवड्याला ऑइलची डिपस्टिक बघा. पातळी खाली नव्हे, वर गेली तर सावध व्हा : अर्धवट राहिलेल्या जाळणीतले डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. तसे असेल तर ऑइल लगेच बदला, आणि डीपीएफसाठीचे कमी राखेचे, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचेच घाला. साध्या ऑइलची राख कधीच जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

प्रश्न : पुढे लोखंडी गार्ड आणि जास्त वॅटचे बल्ब लावायचे आहेत. काय काळजी घेऊ?
— एक वाचक, हुक्केरी

उत्तर : गार्ड नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड कलम ५२ चा भंग ठरवून कारवाई करायला राज्यांना सांगितले आहे. एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का नीट पोचत नाही, आणि धडकेचा सगळा मार थेट चेसिसवर जातो.

बल्बचे वॅट वाढवू नका, व्होल्टेज वाढवा. बऱ्याच पिकअपमध्ये हेडलाइटचा करंट स्विचमधून लांब, बारीक वायरीने येतो. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या पिनांवर मीटर लावा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ असेल तर हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडलेला असतो, कारण व्होल्टेज १० टक्के उतरले की उजेड त्याच्या तिपटीने उतरतो. ३० अँपिअरचे दोन रिले, २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीपाशी प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज, आणि मूळचेच ६०/५५ वॅटचे बल्ब. स्विचलाही आराम मिळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्त्यावर डाग पडतात, कारण प्रकाशाचा बिंदू फिलामेंटच्या जागेवर बसत नाही. आंबोली-चोर्ल्याच्या धुक्यासाठी बंपरखाली पिवळे फॉग लॅम्प लावा, आणि धुक्यात अप्पर बंद ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात दूधगंगेकाठच्या वाटेवर पाणी असते. फोर बाय फोरला स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) लावले तर चालेल ना?
— एक वाचक, सदलगा

उत्तर : पुलावरून पाणी वाहत असेल तर स्नॉर्कल असो वा नसो, थांबा. ६० सेंटिमीटर वाहते पाणी पिकअपही उचलून नेऊ शकते, आणि सखल पुलाचा कठडा किंवा कडा पाण्याखाली दिसत नाही.

साचलेल्या पाण्यासाठी स्नॉर्कलआधी एक स्वस्त काम करा : अ‍ॅक्सलच्या ब्रीदरची (आतल्या हवेला ये-जा करू देणाऱ्या तोंडाची) नळी वर घ्या. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून किंवा ऑइल सीलमधून पाणी ओढते. ऑइल सहणारी नळी, दोन क्लॅम्प, आणि टोकाला डिझेलचा छोटा फिल्टर लावून नळी हौद्याच्या कडेपर्यंत किंवा बॉनेटखाली बांधा. नळी कुठे दुमडली जात नाही आणि अ‍ॅक्सल खालीवर होताना ताणली जात नाही एवढे बघा. पाण्यात गेल्यावर पहिला गियर लो रेंजमध्ये, एकसारखा सावकाश वेग, मध्ये क्लच नाही. बाहेर आल्यावर चालत्या गाडीत हलका ब्रेक धरून लायनर सुकवा.

नंतर डिफरन्शियलचे ऑइल तपासा. दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर पाणी गेले आहे. त्याच आठवड्यात बदला. बदलताना वरचा भरायचा बोल्ट आधी सोडा, खालचा नंतर. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून ऑइल काढून बसला असाल, तर गाडी तिथून हलवता येणार नाही.